रोजचे इमान

मागच्या महिन्यात नातवंडे सुट्टीला आली होती. दोन दिवस भोरच्या घरात बसून कंटाळली, म्हणून तिसऱ्या दिवशी त्यांना नसरापूरच्या बनेश्वरला घेऊन गेले. पुण्या-मुंबईकडच्या मुलांना झाडी दाखवायची तर जवळपास याच्यासारखी जागा नाही. शिवगंगेचे पाणी पाहून झाले, फोटो काढून झाले आणि मग आम्ही देवळाशी आलो. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलेले हे महादेवाचे देऊळ. तिथे एक जुनी घंटा आहे. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हा आकडा कोरलेला आहे.

धाकट्या नातीने तो क्रूस पाहिला आणि मोठ्याने विचारले, "आजी, ही आपली घंटा आहे?"

"होती म्हण," मी म्हटले.

"मग आपण परत का नाही मागितली?"

आजूबाजूचे लोक हसले. मीही हसले आणि मुलांना बाहेर नेऊन भेळ घेऊन दिली. मास्तरकीत चाळीस वर्षे काढलेल्या बाईला एवढे समजते, की उत्तर येत नसेल तेव्हा मुलांच्या हातात खाऊ द्यावा. पण प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. तिला त्या दिवशी द्यायचे राहून गेलेले उत्तर आज सवडीने लिहिते आहे. घरातल्या बाकीच्यांनीही वाचावे.

तसा हा प्रश्न मला पहिल्यांदा आलेला नाही. नोकरीची सुरुवातीची वर्षे माझी शाळा वेल्हे तालुक्यात होती. (२०२४ मध्ये या तालुक्याला राजगड नाव द्यायचा निर्णय झाला. आमच्यासारख्या जुन्या माणसांच्या तोंडातून वेल्हेच निघते. गंमत म्हणजे भोर संस्थानातही तालुक्यांना किल्ल्यांचीच नावे होती - विचित्रगड, प्रचंडगड, राजगड, सुधागड.) शाळेची सहल ठरलेली, बनेश्वर. पाचवीतला एक मुलगा घंटेखाली उभा राहून मला म्हणाला होता, "बाई, ही तुमच्या लोकांची घंटा ना?" त्याच्या मनात काही वाकडे नव्हते. मी त्याला पुस्तकातला इतिहास सांगितला आणि पुढे चालू लागले. "तुमच्या लोकांची" हा शब्द मात्र परतीच्या गाडीत माझ्या शेजारी बसून आला.

आधी तो पुस्तकातला इतिहास. वसईचा प्रांत दोनशे वर्षे पोर्तुगीजांकडे होता. त्यांनी तिथे चर्च बांधली हे खरे, आणि देवळे पाडली, हिंदूंच्या सणावारांवर, विधींवर बंदी आणली हेही तितकेच खरे. गंगाजी नाईक अणजूरकरांसारखी माणसे पेशव्यांकडे दाद मागायला गेली ती उगीच नव्हे. १७३७ साली चिमाजीअप्पांची मोहीम सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडला. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक मेणवलीला, भीमाशंकरला आहे आणि एक इथे आमच्या नसरापुरात. माझा देव मानणाऱ्यांनी दुसऱ्यांची देवळे पाडली असतील, तर त्यांची घंटा गेली याचे रडगाणे मी गाणार नाही. आणि खरे सांगायचे तर ती घंटा आमची नव्हेच. ती कॅथलिकांची आणि आम्ही प्रॉटेस्टंट. पण हा फरक पाचवीतल्या मुलाला आणि देवळातल्या गर्दीला कुठे समजावत बसायचे!

पुस्तकातला इतिहास इथे संपतो. मला पुढचे जाणून घ्यायचे होते. घंटा इकडे आली, पण ज्यांच्यासाठी ती वाजत होती त्या माणसांचे काय झाले?

निवृत्तीनंतर सवड मिळाली तशी मी याबद्दल वाचत गेले. पोर्तुगीज अधिकारी, सरदार, पैसेवाली घराणी गोव्याला नाहीतर मुंबईला निघून गेली. परदेशी धर्मगुरूही बहुतेक गेले. राहिला तो शेतकरी आणि कोळी. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांतून ख्रिस्ती झालेली ही मराठी माणसे. त्यांना जायला दुसरा गाव नव्हता. केळीच्या बागा, पानवेली, होड्या सोडून ती कुठे जाणार? तहाच्या अटींत ख्रिस्ती लोकांना धर्म पाळण्याची मोकळीक मागितली होती आणि मराठ्यांनी ती दिली, हे आपल्या इतिहासातले अभिमानाने सांगावे असे पान आहे. १७६० साली आंकतिल द्युपेराँ नावाचा फ्रेंच प्रवासी साष्टीत हिंडला. मराठ्यांच्या राज्यात तिथले ख्रिस्ती उघडपणे सण साजरे करताना त्याने पाहिले आणि लिहून ठेवले.

तरी मोकळीक असणे निराळे आणि आधार असणे निराळे. राजा आपल्या धर्माचा उरला नव्हता. मोठी चर्च पडीक झाली, किल्ल्यातली तर आजही भग्न उभी आहेत. धर्मगुरू थोडे, गोव्याकडून आलेले किंवा तिथेच तयार झालेले. या लोकांना ख्रिस्ती राहण्याने कसलाही फायदा नव्हता. त्यांचे पूर्वज दबावाने ख्रिस्ती झाले की मनापासून, हा वाद विद्वानांनी घालावा. पण १७३९ नंतर कोणाचा दबाव होता? दबाव गेला, लाभही गेला, घंटा गेली. मग राहिले ते कशाच्या जोरावर?

राहिले ते घरात. संध्याकाळी दिवा लागला की जपमाळ. वेशीवरच्या क्रुसापाशी एकत्र येऊन प्रार्थना. उपवासकाळात येशूच्या दुःखसहनाचे पुराण म्हणणे. हे पुराण गिमाराइश नावाच्या पाद्र्याने तिकडच्याच मराठी बोलीत रचले. ते १६५९ साली लिस्बनला रोमन लिपीत छापले गेले आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत पुन्हा छापावे लागले. दोनशे वर्षांनी एखादे पुस्तक परत छापावे लागते, याचा अर्थ ते कोणीतरी म्हणत होते. लुगडे नेसणाऱ्या, चुलीपुढे बसणाऱ्या बायकांनी हा विश्वास लेकरांना दिला. दिला तोही स्वतःच्या बोलीत. त्याच वसईच्या मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा पुष्कळांना आश्चर्य वाटले. मला वाटले नाही. तीन-चारशे वर्षे संध्याकाळची प्रार्थना आणि चुलीपुढची बोली ज्यांनी सोडली नाही, त्यांच्यातून असा माणूस निघणारच.

आमच्या पवित्र शास्त्रात 'विश्वासूपणा' हा शब्द येतो. शब्द चांगला आहे, पण वर्गात सांगायला जड. आमच्या मावळात त्याला 'इमान' म्हणतात. हिरडस मावळच्या मुलांना इमान शिकवावे लागत नाही. कारीचे कान्होजी जेधे १६५९ साली अफझलखान आला तेव्हा वतनावर पाणी सोडून पाच मुलांसह शिवाजी महाराजांपाशी उभे राहिले. शिंदचे बाजीप्रभू पुढच्याच वर्षी घोडखिंडीत पडले. कारी काय, शिंद काय, दोन्ही आमच्या भोर तालुक्यातली गावे. ही गोष्ट सांगताना माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई.

पण शिकवता शिकवता मला एक खटकू लागले. बाजीप्रभूंनी खिंड एक दिवस लढवली. त्या दिवशी प्राण द्यायचे होते, समोर शत्रू दिसत होता आणि तोफांचे आवाज ऐकायचे होते. ज्याच्या वाट्याला खिंड येत नाही, ज्याच्या वाट्याला नुसते रोज उठणे, कामाला जाणे, खरे बोलणे आणि झोपणे येते, त्याच्या इमानाचे काय? त्याला तोफ कधी ऐकू येणार? वसईच्या त्या शेतकरणीपुढे कोणी तलवार उपसून उभे नव्हते. तिला एका संध्याकाळी नुसता कंटाळा करायचा होता. एक संध्याकाळ, मग दुसरी, मग आठवडा. कोणाला कळलेही नसते.

आता आमच्या घराकडे येते.

१८९३ साली चार्ल्स रीव्ह नावाच्या गृहस्थांनी 'पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन' सुरू केले. ही माणसे ऑस्ट्रेलियाकडून, टास्मानियासारख्या बेटावरून आलेली. शहरे सोडून खेड्यांत जायचे असा त्यांचा बाणा. नसरापूर, भोर, फलटण, पंढरपूर या भागात त्यांनी ठाणी केली. भोर संस्थान त्या वेळी पंत सचिवांचे, सव्वानऊशे चौरस मैलांचे, बहुतेक सगळे डोंगर आणि भात. त्या काळी या मंडळींनी पायी आणि बैलगाडीने ही खोरी पालथी घातली. आणि फळ किती? भोर-वेल्ह्यात ख्रिस्ती घरे आजही अगदी मोजकी. हिशेबाने पाहिले तर हा तोट्याचाच व्यवहार. १९६८ साली ते मिशन दुसऱ्या संस्थेत विलीन झाले आणि नावही गेले. माझे आजोबा याच नसरापूरच्या मिशनमध्ये निरोप्याचे आणि पडेल ते काम करत. आमचे घराणे इथे रुजले ते असे.

आजी मात्र केडगावची. म्हणजे जन्माची नव्हे. ती गुजरातेतली. संवत १९५६ चा दुष्काळ, ज्याला ती शेवटपर्यंत 'छप्पनियो' म्हणत असे, तो १९०० साली गुजरातेवर पडला तेव्हा पंडिता रमाबाईंनी तिथून शेकडो मुली केडगावला आणल्या. त्यांत ही सात-आठ वर्षांची पोर होती. आईवडिलांची नावे तिला सांगता येत, गावाचे येत नसे.

रमाबाईंबद्दल मी नव्याने काय सांगणार? १८५८ चा जन्म. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी, संस्कृत बापाआईकडून शिकलेली. दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावून भावाबरोबर देशभर पायी हिंडली. कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. दोन वर्षांत वैधव्य आले, १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघाले. पुढे वादळ उठले, पुण्यातली मोठमोठी माणसे दुरावली आणि त्या आमच्याच जिल्ह्यातल्या केडगावच्या माळावर गेल्या. हे सगळे तुम्ही वाचलेले असेल. शाळेत हे सगळे मीही शिकवले. पण घरात आजीच्या तोंडून मी ज्या रमाबाई ऐकल्या, त्या एका मेजाशी बसलेल्या होत्या.

मराठीत बायबल होते. पण त्याची भाषा संस्कृतप्रचुर, पंडिती. ज्या दुष्काळी मुलींना रमाबाईंनी सांभाळले त्यांना ती कळेना. संस्कृत जिभेवर खेळणाऱ्या या बाईने ठरवले, की आपण मूळ भाषांतून साध्या बायाबापड्यांच्या मराठीत बायबल आणायचे. त्यासाठी चाळिशी उलटून गेल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. एक नाही, दोन नाही, पंधरा-वीस वर्षे हे काम चालले. शेकडो जणींचे जेवण, कपडे, आजारपण, विहिरी, शेती, पत्रव्यवहार हे सगळे बघून वर हे. कान अधू झालेले. आणि छपाईही तिथेच, मुक्ती मिशनच्या छापखान्यात, मुली-बायकांच्या हातून.

आजी तिथे खिळे जुळवायला शिकली. तिच्याकडून मी लहानपणी ऐकले, की शिशाचा खिळा उलटा असतो, म्हणून छापखान्यातल्या बाईला उलटे वाचता यावे लागते. एकेक अक्षर घरातून उचलायचे, पट्टीत लावायचे, पान जुळले की दोऱ्याने बांधायचे. कामावरच्या बायांना मजकूर कळायच्या आधी चूक कळत असे. मी एकदा विचारले, "एखादी वेलांटी चुकली तर कोणाला समजणार होते?" तिने तांदूळ निवडता निवडता उत्तर दिले, "मला समजलं होतं ना." मराठी ही तिने शिकलेली भाषा. तरी ऱ्हस्व-दीर्घाला ती माझ्यापेक्षा पक्की होती.

१९२१ च्या जुलैत रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा गेली. ती चाळीस वर्षांची. तिच्याच हाती सगळा कारभार सोपवायचा होता. रमाबाईंनी दुःख केले असेलच, पण प्रुफे तपासणे थांबवले नाही. काम पुरे होईपर्यंत आयुष्य दे, एवढेच त्यांनी देवाकडे मागितले आणि शेवटची प्रुफे हातावेगळी झाल्यावर थोड्याच दिवसांत त्या गेल्या, अशी आठवण सांगतात. ५ एप्रिल १९२२. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. त्यांनी ते पाहिले नाही.

आणि आता जे सांगते ते मला फार दिवस बोचत होते. एवढ्या कष्टाचे हे भाषांतर मंडळ्यांमधून रुळले नाही. आमच्या लोकांच्या हातात राहिले ते बायबल सोसायटीचेच. वीस वर्षांची तपश्चर्या आणि ती वाचणारे थोडे. नसरापूरच्या मिशनचा हिशेब तोट्याचा, केडगावच्या ग्रंथाचाही तोट्याचा. तरुणपणी मला वाटे, देवाने या माणसांना फसवले की काय?

हा विचार बदलला तो माझ्याच एका चुकीने. ती कधी कोणाला सांगितली नव्हती. आता सांगते.

वेल्ह्याकडचा पावसाळा ज्याने पाहिला आहे त्यालाच माहीत. ओढ्यांना पूर आले की पलीकडच्या वाड्यांची मुले चार-चार दिवस येऊ शकत नसत. अशाच एका आठवड्यात तपासणी येणार असल्याची बातमी आली. पट कमी दिसला तर शिक्षक कमी होणार. वरिष्ठांनी सांगितले, "बाई, हजेरी भरून टाका." मी भरून टाकली. सत्तेचाळीस मुले हजर. वर्गात बसली होती एकोणीस. कोणाचे काही बिघडले नाही. तपासणी झाली, चहा झाला, शेरा चांगला मिळाला.

त्या संध्याकाळी खोलीवर आले, दिवा लावला, रोजच्यासारखे शास्त्र उघडले आणि मला वाचता येईना. डोळ्यांसमोर अक्षरे होती, तोंडातून आवाज फुटेना. आजीला जाऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. पण तांदळाचे सूप तिच्या हातात तसेच दिसले. मला समजलं होतं ना.

ते पान मी दुरुस्त केले नाही. धीर झाला नाही. ते हजेरीपत्रक कुठल्यातरी कपाटात वाळवीने खाल्ले असेल आणि त्यात अठ्ठावीस मुले अजून हजर आहेत. मी एवढेच केले, की त्यानंतर निवृत्त होईपर्यंत समोर नसलेले मूल कधी हजर मांडले नाही. त्यापायी दोनदा वाईट शेरा आला, एकदा वर्गाची तुकडी गेली आणि सहकाऱ्यांनी "हरिश्चंद्राची मावशी" असे नावही ठेवले. हे मोठेपणासाठी लिहीत नाही. जे करायला हवे ते करण्यात मोठेपणा कसला? पण तेव्हापासून मला रमाबाईंच्या आणि नसरापूरच्या त्या पायपीट करणाऱ्यांच्या हिशेबात तोटा दिसेनासा झाला. किती लोक वाचतील, किती घरे मिळतील, हा त्यांचा हिशेबच नव्हता. समोरची ओळ बरोबर जुळली की नाही, एवढेच त्यांच्याकडे होते. ती ओळ त्यांनी जुळवली. येशूने थोड्यात इमान राखणाऱ्या चाकराची गोष्ट सांगितली आहे, तिच्यातही मालक नफ्यापेक्षा चाकराकडेच पाहतो, असे मला या वयात वाटू लागले आहे.

आमच्या पिढीने एक चूक केली. घरात संध्याकाळची प्रार्थना आम्ही केली, पण ती का, हे मुलांना सांगितले नाही. मुले नोकरीला गेली, ज्या त्या गावच्या घाईत पडली आणि दिवेलागणीला एकत्र बसणे सुटले. मी कोणाला दोष देत नाही. यजमान गेल्यावर कितीतरी संध्याकाळी मीसुद्धा नुसती टी.व्ही.समोर बसले आहे. एकट्या माणसाला ऐकायला कोणी नसते तेव्हा मोठ्याने प्रार्थना करणे किती अवघड असते, हे मला ठाऊक आहे. पुन्हा सुरू करताना पहिला आठवडा माझाच आवाज मला परका वाटला.

तर नाती, तुझे उत्तर. घंटा परत मागितली नाही, कारण ती नसताना काही अडले नाही. ज्यांची ती होती त्यांनी ती न वाजताच वेळ ओळखायला शिकून घेतले. आणि ती आता जिथे आहे तिथेही रिकामी नाही. रोज कोणीतरी मनातले गाऱ्हाणे घेऊन येते आणि तिला हात लावते. तिच्यावरचा क्रूस कोणी घासून काढलेला नाही. हे मला पुष्कळ आहे.

त्या दिवशी भेळ खाऊन झाल्यावर ती पुन्हा आत पळाली आणि मी नको म्हणायच्या आत तिने घंटा वाजवली. आवाज अजून चांगला आहे. रात्री भोरच्या घरी मी दिवा लावून बसले तेव्हा ती न बोलावता शेजारी येऊन बसली. काय वाचतेस म्हणून विचारले. मी पुस्तक तिच्याकडे सरकवले. मराठी वाचताना ती अडखळते, वेलांट्या चुकतात. मी प्रत्येक वेलांटी दुरुस्त केली. वाचायला बराच वेळ लागला, भात निवला, पण ते पान आम्ही पुरे केले.